आजोबांच्या ॲटलासवर भंगारातनं सायकल बांधतोय, काय बसेल काय नाही?

गच्चीवरची_सायकल (पुणे)

नमस्कार मंडळी. घरी आजोबांची ॲटलास पडून आहे, २४ इंची फ्रेमची, काळी, रॉडच्या ब्रेकची. रिमा गंजून गेल्यात, मडगार्डची चाळण झालीय, पण फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा) ठणठणीत वाटतो, जोडांपाशी कुठे तडा दिसत नाही. भंगारवाल्याला देऊन टाक म्हणून घरनं रोज ऐकतोय, आईला गच्ची पापड-कुरडयांसाठी मोकळी पाहिजे, म्हणजे करायचं तर आत्ताच करायला पाहिजे नाहीतर एक दिवस घरी येईन तेव्हा सायकल गेलेली असेल.

डोक्यात असं आहे की टायर-ट्यूब, केबल, छर्रे, ब्रेकचे रबर असलं सोडून नवीन काही घ्यायचं नाही, बाकी सगळं भंगारातलं नाहीतर हातानं केलेलं. जमलेलं सामान असं: मित्राची एक स्वस्तातली एमटीबी (माउंटन बाइक), फ्रेम वेल्डिंगपाशी तुटलेली, तिची २६ची चाकं, व्ही ब्रेक, तीन चकत्यांचा क्रँक (पायडलचे दांडे), मागे सात गिअर. शिवाय जुन्या बाजारात रविवारी एका हायब्रिडची ७००सी चाकं मिळाली, ॲल्युमिनियमच्या रिमा, पुढचं हब मस्त फिरतंय, मागच्याचे कोन खाल्लेत.

वापर म्हणाल तर कोथरूड ते शिवाजीनगर रोज, कधी एनडीए रोड, कधीतरी चांदणी चौकाचा चढ. मागे क्रेट लावायचंय. तर प्रश्न म्हणजे एमटीबीची चाकं यात बसतील का ७००सी बसवू, एमटीबीचा क्रँक जुन्या फ्रेमला लागेल का, सात गिअर आणायचे तर मागची फ्रेम फाकवावी लागेल ना, ती फाकते का तुटते, आणि व्ही ब्रेकचे खुंट कुणी वेल्डिंगवाला लावून देईल का? आणि सीट फाटलीय, तिचं काय करता येईल? माझ्याकडे पाने, कानस, हॅक्सॉ, ड्रिल आणि एक बाक आहे, लेथ नाही. पगार बेताचा आहे पण वेळ आहे.

---

टूलरूमवाला (भोसरी)

फ्रेम ठणठणीत "वाटते" यावर जाऊ नकोस, आधी दोरा लाव. मागच्या एका स्लॉटला (चाकाचा ॲक्सल बसतो ती खाच) दोरा बांधायचा, पुढे नेऊन हेड ट्यूबला (हँडलखालचा पाइप) वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या स्लॉटला आणायचा, ताणून बांधायचा, मग सीटचा पाइप आणि दोरा यातलं अंतर दोन्ही बाजूंनी व्हर्नियरनं मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ. एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं. जास्त आलं तर मागचे पाइप एका अंगाला गेलेत, मग चाक मधे बसवूनही सायकल एका बाजूला ओढत राहणार आणि तू हबला शिव्या देत बसणार. हे केल्याशिवाय पुढचं काही घेऊ नकोस, रंगाचा तर विषयच नको.

आता चाकं. टायरवर २८ बाय दीड लिहिलंय त्यानं गोंधळ होतो, बाजूला जो तीन आकडी नंबर असतो तो खरा, टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. तुझ्या जुन्या चाकाचा ६३५, ७००सी चा ६२२, एमटीबीच्या २६ चा ५५९. म्हणजे ७००सी लावलंस तर रिम जुन्या जागेपासून साडेसहा मिलिमीटर आत येते, काही बिघडत नाही. एमटीबीचं लावलंस तर ३८ मिलिमीटर आत! कुठलाच साधा ब्रेक तिथपर्यंत पोचत नाही, दोन इंची टायर घातला तरी सायकल इंचभर खाली बसते आणि वळणावर पायडल रस्त्याला लागतं. २६ची चाकं विसर, कुणाला तरी देऊन टाक.

क्रँकचं उत्तर हो, पण मोजून. जुन्या देशी फ्रेमचे तळाच्या वाटीचे आटे बहुतेक १.३७ इंच, २४ टीपीआय (इंचाला २४ आटे) असतात, एमटीबीचंही तेच माप. (रॅलेच्या जुन्या फ्रेमांना २६ टीपीआय यायचे, त्यात हे बळजबरीनं घुसवलं की आटे गेलेच.) वाटीच्या नळीची रुंदी मोज, ६८ मिलिमीटर आली तर एमटीबीची बंद कार्ट्रिज आणि चौकोनी ॲक्सल सरळ बसेल. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे चेनच्या बाजूची वाटी घड्याळाच्या दिशेनं फिरवली की सुटते. इथेच लोक पाइप लावून उलटीकडे जोर करतात आणि मग वाटी कायमची बसते.

एमटीबीचा चिमटा लावायचा विचार असेल तर तो नाही बसणार, तुझी हेड ट्यूब एक इंचाची आहे आणि त्याचा दांडा सव्वा इंचाला थोडा कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. जुनाच ठेव.

बाकी मागची फ्रेम फाकवण्याबद्दल सविस्तर लिहितो, आधी माप सांग किती आहे.

---

सरळ_मुद्दा (ठाणे)

एवढ्या खटाटोपात नवी गिअरची सायकल येते राव, वॉरंटीसकट. शनिवार-रविवार वाया घालवायचे, हात काळे करायचे, आणि शेवटी जे होईल ते विकायला गेलं तर भंगाराच्याच भावात. हौस असेल तर ठीक, पण पैसे वाचतात वगैरे डोक्यातनं काढून टाक.

---

ऑरेंज_पॅडल (नागपूर)

सरळ_मुद्दा भाऊ, त्यानं विकायची कुठे म्हटलंय 😄 पण पैशाचं तुमचं खरं आहे, टायर, केबल, रबर, छर्रे, चेन करता करता बिल वाढतच जातं, फुकटात होत नाही.

मी ब्रेकबद्दल बोलते, कारण सगळे गिअरवर बोलतात आणि ब्रेक शेवटी उरल्यासुरल्या पैशात होतात. रॉडचे ब्रेक ७००सी ला चालत नाहीत, हे आधी समजून घे. त्यांचे रबर रिमच्या कडेला नाही, आतल्या अंगाला वर दाबतात, त्यासाठी ती जुनी वाकवलेल्या काठाची रिमच लागते. नवीन रिमला तशी जागाच नसते. आणि जुन्या क्रोमच्या स्टीलच्या रिमा ओल्या झाल्या की ब्रेक नावापुरता राहते, आमच्याकडे पावसात लोक पाय घासत थांबतात ते उगाच नाही. म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमा मिळाल्या हे तुझं नशीब, त्या सोडू नको.

व्ही ब्रेकचे खुंट लावून घेऊ नको बरं. एक तर खुंटांची जागा रिमच्या मापाशी एकदम ठरलेली असते, ५५९ साठी आणि ६२२ साठी वेगवेगळी, दोन-चार मिलिमीटर चुकलं की रबर टायरला घासते नाहीतर आऱ्यांमध्ये जाते. दुसरं, कोपऱ्यावरचा गेट-ग्रिल करणारा वेल्डिंगवाला आर्कनं चिमट्याच्या पाइपला भोक पाडून ठेवेल, बाहेरून दिसणार पण नाही. त्यापेक्षा लांब हातांचे कॅलिपर ब्रेक मिळतात, चिमट्याच्या डोक्यात सहा मिलिमीटरचं एक भोक पुरतं, बऱ्याच जुन्या चिमट्यांना दिव्याच्या ब्रॅकेटसाठी ते आधीच असतं. भोकाच्या मध्यापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत टेप लाव आणि तेवढ्या लांबीचा कॅलिपर शोध. आधी चाक बसव मग मोज, कागदावर हिशोब करून नको.

आणि भंगारातलं काय घ्यायचं नाही ते पण सांगून ठेवते: ॲल्युमिनियमचं हँडल आणि स्टेम, ज्याचा आधीचा इतिहास माहीत नाही. स्टील वाकून सांगते, ॲल्युमिनियम न सांगता तुटते. क्रँक घेताना पायडलच्या भोकाच्या आजूबाजूला रॉकेलनं पुसून उन्हात धरून बघ, केसासारखी रेघ दिसली की फेकून दे.

---

गच्चीवरची_सायकल (पुणे)

काका, ताई, खूप धन्यवाद, एवढं कुणी सांगेल असं वाटलंच नव्हतं. दोरा लावला, दोन्ही बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा फरक, म्हणजे पास! मागच्या दोन स्लॉटमधलं अंतर आतून ११० मिलिमीटर आहे. वाटीची नळी ६८. क्रँक अजून काढला नाही, तो ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना हलतच नाहीयेत, हातोडी मारली तर पिनेचं टोक पसरायला लागलं म्हणून थांबलो.

सरळ_मुद्दा दादा, वॉरंटी आजोबांनी घेतली होती, संपली ती 🙂 आणि मुळात कंपनीनंच २०२० मध्ये साहिबाबादचा कारखाना बंद केला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. आता ॲटलास जी आहे ती घराघरांत पडलेलीच.

काका ११० वरून एमटीबीच्या हबला १३५ करायचंय. होईल का?

---

टूलरूमवाला (भोसरी)

पिनेवर तशी हातोडी मारू नकोस. पिनेचा नट पूर्ण काढू नकोस, पिनेच्या टोकाच्या बरोबरीला आण म्हणजे आटे पसरत नाहीत. क्रँकच्या खाली, पिनेचं डोकं ज्या बाजूला आहे तिथे, जाड पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकव, म्हणजे मार छर्ऱ्यांवर न जाता जमिनीत जाईल. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेव. मग एकच, पण जोरदार. दहा हलके मार म्हणजे पिनेचं भजं. जी-क्लँप असेल तर त्यानं दाबून निघते, ते सगळ्यात चांगलं. तरी नाही हलली तर ड्रिलनं पोकळ करून काढायची, पिन काही महाग नसते.

११० चं १३५? फाकेल, स्टील आहे, पण मी नाही करणार. १२६ ची फ्रेम १३० ला नेणं हे नेहमीचं काम आहे, दोन-दोन मिलिमीटर प्रत्येक बाजूला. इथे प्रत्येक बाजूला साडेबारा! एवढं नेलं की नुसते पाइप वाकत नाहीत, स्लॉटची तोंडंही एकमेकांना समांतर राहत नाहीत, मग ॲक्सल तिरका पकडला जातो आणि आज ना उद्या वाकतो नाहीतर तुटतो. शिवाय खालच्या दोन पाइपांना जोडणारी आडवी पट्टी असते ना, तिच्या जोडावर सगळा ताण येतो. तो पितळेचा जोड आहे, जुना.

आणि गिअरचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा) टांगायला तुझ्या फ्रेमला कानच नाही. बोल्टनं लावायचा मिळतो, पण तुझे मागचे स्लॉट मागच्या बाजूला उघडत असतील तर तो नीट बसत नाही, आणि पंक्चरच्या वेळी चाक काढायचं म्हणजे सगळा पसारा.

वेल्डिंगबद्दल ताईंनी म्हटलं ते बरोबर, त्यात भर घालतो. या फ्रेमा मुळात वेल्ड केलेल्या नसतात, जोडांच्या आत पितळ ओतून जोडलेल्या असतात, म्हणून दुरुस्तीही पितळेनंच. पाइप लालभडक करून टाकणखार लावून पितळेची काडी, साधारण ९०० डिग्रीला पितळ पाण्यासारखं फटीत ओढलं जातं. चांदीची काडी वापरली तर साडेसहाशे-सातशेत काम होतं, पाइप कमी तापतो, पण काडी महाग आणि फट अगदी घट्ट पाहिजे. गॅसवर काम करणारे जुने लोक अजून आहेत, भोसरी-चिंचवडला रेडिएटरवाल्यांकडे चौकशी कर. कॅरियरला काही जोडायचं असेल तर ते त्यांच्याकडून करून घे. आणि कॅरियर जीआय पाइपचं करणार असशील तर जोडाच्या जागी जस्त कानशीनं पूर्ण काढ आणि मोकळ्या हवेत कर, त्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, आमच्या शॉपमध्ये नवीन पोराला एकदा तरी यायचाच.

---

डच_देशपांडे (उट्रेख्त, नेदरलँड्स)

मी गिअरचा तिसरा पर्याय सांगतो, कारण मला राहून राहून वाटतंय की ही फ्रेम त्यासाठीच जन्माला आलीय. हबच्या आतले तीन गिअर. स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू, १९३६ पासून बनतंय, आधी नॉटिंगहॅमला आणि आता तैवानला. तुझी ॲटलास ज्या इंग्लिश रोडस्टरची भावंडं आहे त्यांना हेच हब लागायचं. ११० च्या फ्रेममध्ये हातानं जरासं फाकवून बसतं, वाकवणं नाही, कान नाही, डिरेलर नाही, चेन सरळ, आणि आजोबांचं चेनकव्हरसुद्धा ठेवता येतं.

अजून गंमत म्हणजे जुन्या इंग्लिश सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे, आणि आपल्या देशी काळ्या सायकलींनाही तेच. त्यामुळे जुनं ४० भोकांचं एडब्ल्यू कुणाकडे सापडलं तर ते तुझ्या जुन्या मागच्या रिमलाही लागतं. पण ती गंजलीय आणि ब्रेकला वाईट, म्हणून ७००सी रिमची भोकं मोज. ३६ असतील तर इकडे ३६ भोकांची हबं सेकंडहँड बाजारात ढिगानं आहेत. एडब्ल्यू पण, आणि जर्मन साक्सची पण, मागे पायडल मारलं की ब्रेक लागणारी. मी डिसेंबरमध्ये पुण्यात येतोय, एखादं आणू शकतो, सामानात दीड किलोची जागा बायकोकडे मागावी लागेल एवढंच.

गिअरचा हिशोब करून दिला तर पटेल बघ. पुढच्या चकतीचे दात भागिले मागचे दात गुणिले चाकाचा इंचातला व्यास. ४८ ची जुनी चकती, मागे २० ची, ३५ मिलिमीटरचा टायर धरून चाक सव्वासत्तावीस इंच, म्हणजे साधारण ६५ (आकडा जितका कमी तितका गिअर हलका). हा मधला गिअर. एडब्ल्यूचा खालचा त्याच्या पाऊणपट म्हणजे ४९, वरचा सव्वापटीपेक्षा थोडा जास्त म्हणजे ८७. आजोबा बहुतेक ४८-१८ वर सगळं पुणं फिरले असतील, तो ७५ च्या आसपास येतो, एकच. तुला चांदणी चौकाला ४९ आहे, अजून काय पाहिजे. मागे २२ दात लावलेस तर अजून हलकं होईल.

मागे पायडल मारायचा ब्रेक घेशील तर एक लक्षात ठेव, लांब घाटाच्या उतारावर तो एकटा वापरला की हब इतकं तापतं की आतलं ग्रीस जळायला लागतं. शहरात काही नाही. पण कात्रज उतरताना पुढचा हाताचा ब्रेक चांगला पाहिजेच.

आणि ज्यांना भंगारातनं सायकल म्हटलं की हसू येतं त्यांच्यासाठी: ग्रॅम ओब्री नावाच्या स्कॉटिश माणसानं घरी बांधलेल्या सायकलवर १७ जुलै १९९३ ला नॉर्वेत हामारच्या ट्रॅकवर तासात ५१.५९६ किलोमीटर मारून विश्वविक्रम केला. तिच्या तळाच्या बेअरिंगसाठी त्यानं वॉशिंग मशीनचं बेअरिंग वापरलं होतं, कारण त्याला पाय एकमेकांजवळ पाहिजे होते आणि बाजारातली वाटी रुंद पडत होती. हौस म्हणून नाही, हवं तसं मिळत नव्हतं म्हणून. सहा दिवसात ख्रिस बोर्डमननं तो विक्रम मोडला, पुढच्या वर्षी ओब्रीनं परत घेतला, मग सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं त्याची बसायची पद्धतच बंद केली. लोक मात्र अजून वॉशिंग मशीनच विचारतात त्याला.

---

सरळ_मुद्दा (ठाणे)

बरं बाबा, वॉशिंग मशीन मान्य. पण ओब्री त्यावर क्रेटमध्ये भाजी आणत नव्हता.

---

तांबडा_पांढरा (कोल्हापूर)

सीटचं कुणी बोलंना म्हणून आलो. भावा फाटलेली सीट टाकू नको, खालचा स्प्रिंगचा सांगाडा लाखमोलाचा आहे, आत्ताच्या सीटला तसल्या स्प्रिंगा येत नाहीत. वरचं चामडं आपण घालू.

कापडाच्या दुकानातलं रेक्झिन नको आणि पर्सचं मऊ चामडं पण नको. चप्पलवाल्याकडं जा, कोल्हापुरीच्या तळाला लागतंय ते जाड चामडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. हे पाण्यात भिजवलं की आकार घेतंय आणि वाळलं की धरून ठेवतंय, क्रोममध्ये कमावलेलं असलं काही करत नाही, ते नुसतं लोंबतंय. पाच मिलिमीटरच्या आसपास जाडी पाहिजे, त्याच्या खाली घेतलंस तर झोळी होणार. म्हशीचं चालतंय. आमच्याकडं सुभाषनगरला मिळंल, पुण्यात पण कोल्हापुरीवाले आहेतच की.

करायचं कसं तर जुन्या सीटचा कागद कापून साचा घे, भोवती दोन बोटं जास्त ठेव. चामडं साध्या पाण्यात बुडवून ठेव, बुडबुडे यायचे थांबले की काढ. एका लाकडाच्या ओंडक्याला रंध्यानं सीटचा आकार दे, त्याच्यावर ओलं चामडं ताणून कडेनं खिळे मार, मधल्या सुरकुत्या हाडाच्या नाहीतर चमच्याच्या पाठीनं दाबून दाबून घालव. सावलीत वाळव. उन्हात ठेवलं की तडकलं म्हणून समज, घाई करू नको लगा. मग कडा कापून सांगाड्याला तांब्याचे रिव्हेट, मागं पाच-सहा, पुढं नाकाला तीन. रिव्हेट ठोकायच्या आधी सांगाड्याचा नाकाकडचा बोल्ट पूर्ण सैल ठेव म्हणजे नंतर ताण द्यायला जागा राहती. वरनं मेण आणि थोडं तेल, तेल जास्त झालं की मऊ पडतंय.

बसायला पहिल्यांदा दगड वाटंल. बस तसाच, चामडं तुझ्या मापाचं होतंय. आणि पावसात वर प्लॅस्टिकची पिशवी, एवढं केलंस तर बापाची सीट पोरगं वापरंल.

---

ऑरेंज_पॅडल (नागपूर)

कोल्हापूरकर, हे वेगळा धागा काढून लिहा ना फोटोसकट! मला पण करून पाहायची आहे.

---

गच्चीवरची_सायकल (पुणे)

अरे काय माणसं आहात तुम्ही 🙏 सीटचं तर मी रेक्झिनच घालणार होतो.

पिना निघाल्या, जी-क्लँपनं, काकांनी सांगितलं तसं पाइप टेकवून. एक सरळ निघाली, दुसरी ड्रिल करावी लागली. आणि आता असं झालंय की जुना क्रँक आणि ४८ ची चकती पुसल्यावर इतकी देखणी निघाली (मधे कंपनीची नक्षी आहे) की एमटीबीचा क्रँक लावायचा मूडच गेला. वाट्या पण चांगल्या आहेत, फक्त ॲक्सलवर छर्ऱ्यांच्या जागी खड्डे पडलेत. मग ॲक्सल आणि छर्रे नवे, बाकी जुनंच. चालेल ना? म्हणजे मी भंगारातनं सायकल बांधायला निघालो आणि हळूहळू आजोबांचीच परत लागत चाललीय, हे मलाच जरा विचित्र वाटतंय.

७००सी ची मागची रिम ३६ भोकांचीच आहे, म्हणजे डच_देशपांडे दादा, एडब्ल्यू पक्कं समजू का? वहिनींना माझा नमस्कार सांगा. चेन कुठली घेऊ? एमटीबीची आहे ती चालेल का? आणि मागचं चाक मीच विणलं तर?

---

टूलरूमवाला (भोसरी)

चालेल म्हणजे, तेच कर. चकती जुनी ठेवलीस तर एमटीबीची चेन बसणार नाही, ती आतून अरुंद, ३/३२ ची, आणि तुझी चकती १/८ ची, दात आत जातच नाहीत. उलटं मात्र चालतं, १/८ ची चेन अरुंद चकतीवर चालते. साधी काळ्या सायकलची चेन घे, सगळ्यात स्वस्त.

तळाच्या वाटीत पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला अकरा. पिंजऱ्यातले मिळतात ते नको, सुटे भर. जुने आणि नवे मिसळू नकोस, एखादा केसभर मोठा असला की सगळा भार त्याच्यावर. आणि नवी कॉटर पिन तशीच ठोकायची नाही, तिची सपाट बाजू कानशीनं थोडी थोडी घासत, लावून बघत, घासत न्यायची. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, एकीचा नट वर तर दुसरीचा खाली. एकाच दिशेनं घातल्या तर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि एक पाय पुढे, एक मागे असं पांगळं चालतं. पहिले काही दिवस चालवल्यावर पिना परत ठोकून नट परत आवळायचा.

---

डच_देशपांडे (उट्रेख्त, नेदरलँड्स)

पक्कं. पण एडब्ल्यूची एक खोड आत्ताच सांगतो, ती हसण्यावारी नेऊ नकोस. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक जागा अशी आहे की तिथे गिअरच नसतो, पायडल मोकळं फिरतं. केबल सैल असली की नेमकं चढावर उभं राहून जोर लावताना हब त्या जागी घसरतं आणि तुम्ही दांड्यावर. सेटिंग सोपं आहे, दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचं, ॲक्सलच्या भोकातनं जी छोटी साखळी बाहेर येते तिचा शेवटचा खांदा ॲक्सलच्या टोकाच्या बरोबरीला यायला पाहिजे, उजवीकडच्या नटला जी खिडकी असते तिच्यातनं दिसतं. केबल ताणते सुरवातीला, म्हणून महिनाभर रोज एक नजर टाक.

चाक जरूर विण. आरे किती लांबीचे हे मात्र हब हातात आल्याशिवाय घेऊ नकोस. एडब्ल्यूची कड मोठी असते, त्यामुळे तुझ्या हायब्रिडचे जुने आरे लांब पडणार. हबच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, दोन कडांमधलं अंतर आणि रिमचा आतला व्यास, एवढं दे, लांबी मी काढून देतो. तीन वेळा ओलांडणारी जाळी घाल, म्हणजे प्रत्येक आरा दुसऱ्या तीन आऱ्यांना ओलांडून जाईल अशी.

---

गच्चीवरची_सायकल (पुणे)

दादा नक्की. रिमचा आतला व्यास आज रात्री मोजून टाकतो, दोन आरे आत घालून टोकाला टोक लावून मोजायचा ना?

---

टूलरूमवाला (भोसरी)

हो. निप्पल पूर्ण चढवून घे आधी. आणि चारही बाजूंनी मोज, जुन्या बाजारातली रिम आहे, गोल असेलच असं नाही.